सुलू विहिरीला 'येते' म्हणाली

दिनांक १७ नोव्हेंबर २०२४, रविवार, सकाळी साडेदहा. ठिकाण : पालेगाव, अंबरनाथ पूर्व, आमच्या सासरच्या जुन्या जमिनीतली विहीर.

हजर : मी (वय ५१). आमचे हे. आमची मुलगी तन्वी (वय २२). माझी धाकटी नणंद सुलभा, म्हणजे सुलू (वय ४४). ह्यांचे चुलतकाका, बाळूकाका (वय ७८). बिल्डरचा सुपरवायझर आणि जेसीबीवाला, या दोघांची नावं विचारायची राहिली.

गैरहजर : गुरुजी. तुळशीची लग्नं होऊन मुहूर्त सुरू झाले होते, त्यांना त्या दिवशी चार ठिकाणी जायचं होतं.

हे आधी लिहिलं, कारण मला असंच लिहिता येतं. एमआयडीसीतल्या एका कंपनीत मी तेवीस वर्षं स्टोअर्स बघते. ड्रम आला की नंबर, ड्रम गेला की सही. भूत, करणी, अंगात येणं या गोष्टी मी कायम 'माहिती अपुरी' या खात्यात टाकल्या. या ग्रुपवरचे अनुभव वर्षभर वाचतेय, पण प्रत्येक वेळी मनात तेच : वेळ लिहिलेली नाही, साक्षीदार नाही, सोडून द्या. आता माझ्यावरच लिहायची पाळी आली आहे. म्हणून वेळ आणि साक्षीदार, जमेल तिथे दोन्ही देते.

तर, विहीर. जमीन बिल्डरला दिली, बदल्यात आम्हाला तिथल्याच टॉवरमध्ये फ्लॅट मिळणार आहेत. तोवर आम्ही चिखलोलीला, नवीन स्टेशनचं काम चाललंय त्या बाजूला भाड्याने राहतो. विहीर बरोबर पार्किंगच्या जागेत येत होती, त्यामुळे बुजवायची होती. बाळूकाकांनी एकच अट घातली. भरलेल्या विहिरीला श्वास घ्यायला पाईप ठेवायचा. सुपरवायझर हसला, पण त्याने चार इंची पीव्हीसी पाईप मधोमध उभा केला. वर बेंड, म्हणजे पाईपचा वाकडा तुकडा, बसवला. मग जेसीबीने भराव टाकला. नारळ फोडला, सुलूने विहिरीची ओटी भरली. अर्ध्या तासात सगळं आटोपलं.

निघताना सुलूने पाईपला हात लावला आणि म्हणाली, "येते गं माय."

आपण कोणीच 'जाते' म्हणत नाही. आपल्यात निघताना 'येते'च म्हणतात, तिनेही सवयीने म्हटलं. तिचं अख्खं लहानपण त्या विहिरीवर गेलेलं. माझ्या काही लक्षातही आलं नाही.

आम्ही दहा-बारा पावलं चाललो असू. सुलू थांबली, वळली आणि मोठ्याने "ओ" म्हणाली.

आमच्या घरात हाकेला 'ओ' द्यायची पद्धत आहे. 'काय आहे?' म्हटलेलं सासूबाईंना चालत नसे. मी विचारलं, कोणी हाक मारली? तिने सगळ्यांकडे पाहिलं. आमच्यातल्या कोणीच मारली नव्हती. तन्वी म्हणाली, जेसीबीचा ब्रेक वाजला असेल. विषय संपला.

सुलूबद्दल दोन ओळी सांगते. लग्न मोडून ती बावीस वर्षांपूर्वी परत आली आणि तेव्हापासून आमच्याकडेच असते. उल्हासनगरच्या कॅम्प पाचमधून जीन्सचे गठ्ठे आणते आणि घरी बसून धागा-कटिंग करते. वजन पंचेचाळीस किलो. गव्हाचा डबा हलवायचा असला की मला बोलावते. तन्वीला तिनेच वाढवलं, कारण मी नोकरीवर असायचे. तन्वीने पहिला शब्द 'आई' म्हटला नाही, 'आत्या' म्हटला. मी मनाला लावून घेतलं नाही. आमची कामं वाटलेली होती.

विहिरीनंतर चौथ्या दिवशी, गुरुवारी, मी सुट्टीवर होते. सकाळी अकरा वाजून दहा मिनिटांनी सुलूने कात्री खाली ठेवली आणि म्हणाली, "ओ."

म्हणाली, लछूभाईंची हाक आली. लछूभाई म्हणजे तिचे जीन्सवाले शेठ. त्यांचं दुकान आमच्यापासून रिक्षाने पाऊण तासावर. मी म्हटलं, इतक्या लांबून तुला हाक आली, मग माझी स्वयंपाकघरातून का येत नाही? ती हसली नाही. तयार गठ्ठा उचलला आणि गेली.

पुढचं मला लछूभाईंनी स्वतः सांगितलं. बारा वाजता ते दुकानाबाहेर वाकून कुलूप उचलत होते. वरचं लोखंडी शटर स्प्रिंग तुटून सुटलं. त्याच क्षणी रिक्षातून उतरलेल्या सुलूने ते एका हाताने वरच्या वर धरलं. तीन माणसांनी त्यांना ओढून बाजूला काढलं, तेवढा वेळ ती शटर धरून उभी होती. दुसऱ्या हातात गठ्ठा तसाच. सुलूला ते 'अदी', म्हणजे सिंधीत बहीण, म्हणतात. मला फोनवर म्हणाले, "भाभी, ये अदी नहीं है, ये तो क्रेन है." आणि रडले.

मी सुलूचे तळवे बघितले. साधा वळही नव्हता.

त्याच दिवशी मी वही केली. जुन्या डायरीत चार रकाने आखले : हाक कधी आली, कोणाची, घटना कधी घडली, काय झालं. का केली? सवय. शिवाय खरं सांगायचं तर मला अभिमान वाटला होता. घरात कोणालातरी काहीतरी विशेष झालं होतं, आणि ते सुलूला झालं होतं, जिला आयुष्यात कधी काही मिळालं नव्हतं.

तन्वी तर वेडीच झाली. ती सगळे सुपरहिरोचे सिनेमे बघते. म्हणाली, "आत्या, प्रत्येकाची ओरिजिन स्टोरी असते. कोणाला किडा चावतो, कोणावर केमिकल सांडतं. तुझं काय?" मी म्हटलं, केमिकल सांडून ताकद आली असती तर आमच्या एमआयडीसीतले निम्मे लोक उडत कामावर आले असते. सुलू म्हणाली, "मला नाही गं काही चावलं. मी नुसती ओ दिली."

त्या वाक्यावर आम्ही तिघी हसलो होतो. हेही वहीत आहे.

फेब्रुवारीतला एक शनिवार. दुपारी दोन वाजता मी कामावरून आले, तर सुलू तळमजल्यावर सावंत बाईंच्या दारासमोर जिन्यात बसून धागे कापत होती. सावंत बाई निवृत्त शिक्षिका. इथे का बसलीस विचारलं, तर म्हणाली, "बाईंची हाक आलीय. अजून वेळ आहे."

कसला वेळ, ते तिलाही माहीत नव्हतं. मी वर गेले, जेवले, पण मन लागेना. पावणेचारला खाली उतरले. ती तशीच बसलेली. चार वाजून पाच मिनिटांनी आतून सावंत बाई ओरडल्या, "सुलभाऽऽ!" पुढचं मी माझ्या डोळ्यांनी पाहिलेलं आहे. रेग्युलेटरपाशी सिलिंडर पेटला होता, ज्वाळा ओट्याच्या वर गेलेली. सुलू आत गेली आणि तिने तो भरलेला, पेटलेला सिलिंडर लेकराला घ्यावं तसा कडेवर घेतला. माझ्या समोरून ती चालत बाहेर मोकळ्या प्लॉटवर गेली. खाली ठेवला. बोटांनी व्हॉल्व्ह फिरवून बंद केला. ओढणी जळाली होती. अंगावर एक फोड नाही.

पण मला भीती वाटली ती ज्वाळेची नाही. मी तिचा चेहरा पाहिला. ती आमच्याकडे बघतच नव्हती. मान किंचित वाकडी करून ऐकत होती. आणि तिला बरं वाटत होतं... खूप वेळ सुटलेली खाज शमल्यावर वाटतं, तसं.

सोसायटीच्या ग्रुपवर त्या संध्याकाळी तिचा फोटो फिरला. कोणीतरी पाठीवर लाल कापड जोडून स्टिकर केलं. सुलू लाजली. मला म्हणाली, वहिनी, बघा तरी, माझा स्टिकर. रात्री वहीत लिहिताना मी पहिल्यांदा वेळांची वजाबाकी केली. लछूभाईंच्या वेळी हाक आणि घटना यांत पन्नास मिनिटं. मधल्या दोन प्रसंगांत एक तास, दीड तास. सावंत बाईंची हाक तिला दुपारी बारालाच आली होती. म्हणजे चार तास. अंतर वाढत होतं.

मे महिन्यात माझ्या माहेरी, बदलापूरला कुळगावात, माझा भाऊ गच्चीच्या कठड्यावर चढून टाकी बघत होता आणि पाय घसरला. सुलू तिथेच उभी होती. आदल्या संध्याकाळीच म्हणाली होती, वहिनी, उद्या दादांकडे जाऊ या. तिने कठड्यावरून खाली वाकून त्याचं मनगट पकडलं. भाऊ पंच्याऐंशी किलोचा. तिने त्याला बादली शेंदावी तसा वर काढला. मी तिच्या पायाशी उभी होते, तिचे पाय धरायलासुद्धा वेळ मिळाला नाही. भाऊ वाचला म्हणून मी तिच्या गळ्यात पडले. पण मिठीतसुद्धा माझं डोकं आकडा मोजत होतं. या वेळी जवळजवळ एक दिवस.

तोपर्यंत माझी शंका एवढीच होती, की हिला पुढचं कळतं. हे विचित्र आहे, पण चांगलं आहे. घरात ज्योतिषी नको, पण फायर ब्रिगेड असायला काय हरकत आहे?

जूनमध्ये भाऊ फणस घेऊन आला. तो आला की गेटमधूनच "तायडेऽऽ" अशी हाक घालतो, लहानपणापासून. शेजारचे हसतात. त्या दिवशी हाक आली नाही. फोनवर मिस्ड कॉल आला. खाली बघितलं, तर हा गेटपाशी उभा, हातात फणस. मी वरून ओरडले, हाक का नाही मारलीस? त्याने मान वर केली, तोंड उघडलं... आणि तसाच उभा राहिला.

वर आल्यावर नेहमीसारखा बोलला. गप्पा मारल्या, जेवला. जाताना म्हणाला, "तायडे, मला हाक मारता येत नाही. बोलता येतं. हाक निघतच नाही. तोंड उघडतो आणि ती असते कशी तेच आठवत नाही." कान-नाक-घशाच्या डॉक्टरला दाखवून आला होता. घसा ठणठणीत.

मी दुसऱ्या दिवशी सावंत बाईंकडे गेले. पस्तीस वर्षं साठ-साठ मुलांचे वर्ग आवाजावर गप्प केलेली बाई. त्यांच्या टेबलावर देवघरातली घंटी होती. नवऱ्याला बोलवायला ती वाजवत होत्या. मी विचारलं नाही, त्यांनीच सांगितलं. शब्द वेगळे, गोष्ट तीच. लछूभाईंना फोन केला. त्यांच्या आवाजावर अख्ख्या गल्लीचं गिऱ्हाईक वळायचं. आता दुकानाबाहेर रेकॉर्ड लावलेला स्पीकर ठेवला होता. वहीतल्या अकरा जणांपैकी मी नऊ जणांना गाठलं. नऊही जणांची हाक गेली होती.

जुलैत सुलूला तापाने धरलं. सांधे आखडले, उठता येईना. तीन दिवसांत तिला तीन हाका आल्या : बाळूकाकांची, आमच्या इस्त्रीवाल्याची आणि माझ्या कंपनीतल्या एका बाईची. ती रडायला लागली. मला सोडा, माणसं मरतील. भिंतीला धरून दारापर्यंत आली. मी दाराला आतून कुलूप लावलं आणि दारासमोर खुर्ची टाकून बसले. तिने माझा हात धरून बाजूला सारला असता तर मी काही करू शकले नसते, हे दोघींनाही माहीत होतं. तिने तसं केलं नाही. ती सुलू होती.

मी तिघांनाही दर दोन तासांनी फोन केले. बाळूकाका खिचडी खात होते. इस्त्रीवाला वैतागला. कंपनीतल्या बाईने विचारलं, मॅडम, स्टॉक टॅली होत नाही का? तिघांनाही काही झालं नाही. त्या दिवशी नाही, त्या आठवड्यात नाही, आज हे लिहीपर्यंत नाही. तिघेही हाक मारू शकतात.

मग मी वही समोर घेऊन बसले. ती गेली असे अकरा प्रसंग. अकराही वेळा घडलं. गेली नाही असे तीन. तीनही वेळा घडलं नाही. स्टोअर्समध्ये एवढ्यावर मी ऑडिटरला उत्तर दिलं असतं. आपल्याला वाटत होतं, संकट येतं म्हणून हाक येते आणि हाक येते म्हणून ती जाते. रकाने उलटे वाचले तर वेगळंच दिसत होतं. ती जाते, म्हणून संकट येतं.

मी बाळूकाकांकडे गेले. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि एकच विचारलं, विहिरीशी सुलू काय बोलली होती? मी सांगितलं, येते म्हणाली.

त्यांनी चहाची बशी खाली ठेवली. "मयताच्या घरशी निंगताना कोन येतो बोलतं का, सूनबाई? ती विहीर मेली व्हती त्या दिसाला."

खरं आहे. मयतीहून निघताना आपण 'येतो' म्हणत नाही. न बोलता उठतो. मला हे पक्कं माहीत आहे. मीच दहा जणांना सांगितलेलं आहे. पण विहीर बुजवणं ही मयत असते, हे त्या सकाळी आमच्यात कोणाच्या डोक्यात आलं नाही. आमच्यासाठी ते साइटवरचं काम होतं.

"आन मंग तिनं ओ पन दिली?"

"दिली."

त्यांनी बशी हाताने लांब सारली. मग म्हणाले, "मंग लोकांना काय नाय. विहिरीत जे हाय त्याला ती पायजे. लोकांचा निस्ता आवाज घेतंय, तिला बोलवायला." पाईप आपणच ठेवायला लावला, हे त्यांना लागलं होतं. डोळे पुसून म्हणाले, पाईप बुजवून टाक.

हे काम मला जमण्यासारखं होतं. यादी केली : व्हाईट सिमेंट दोन किलो, थापी, प्लॅस्टिकचं घमेलं, पाण्याची बाटली, हातमोजे, जुनं वर्तमानपत्र. ऑगस्टमधल्या एका रविवारी, दुपारी साडेबारा वाजता, स्कूटरवर एकटी गेले. साइटवर स्लॅब टाकून झाला होता, खाली पार्किंगचे खांब उभे होते. वॉचमन ओळखीचा, त्याने सोडलं. पाईप कोपऱ्यात कमरेइतका उभा होता. शेजारी मजुरांचे कपडे वाळत होते, वर कुठेतरी टाइल कापायचं मशीन चालू होतं. घाबरण्यासारखं तिथे काही नव्हतं.

मी सिमेंट कालवलं. मग बेंड काढला.

आधी वाटलं, वरच्या मजल्यावरचा आवाज पाईपमधून घुमतोय. मग मशीन थांबलं आणि आतला आवाज थांबला नाही. खूप खोलातून येत होता. विहिरीत तोंड घालून लहान मुलं ओरडतात आणि आवाज परत येतो, तसा. फक्त वर कोणी ओरडत नव्हतं. "आ जा, आ जा, फिक्स रेट..." ही लछूभाईंची हाक. त्यावरून "सुलभाऽऽ", तीच, पेटलेल्या स्वयंपाकघरातली. आणि त्या सगळ्यांच्या मागे माझा भाऊ, पुन्हा पुन्हा, "तायडेऽऽ... तायडेऽऽ..." इतक्या जवळून, की माझ्या तोंडून 'ओ' निघणार होतं. मी हातमोजा तोंडात कोंबला.

तशीच थापी भरली. मी काम अर्धवट टाकत नाही. पाईपवर थापी नेली आणि आतून आणखी एक हाक आली. नवीन.

"सुलूऽऽ! तन्वीला धर गंऽऽ!"

तो माझा आवाज होता.

आपला आवाज आपल्याला वेगळा वाटतो म्हणतात. मला नाही वाटला. असं मी आयुष्यात कधी ओरडलेले नाही, पण कधी ओरडले तर असंच ओरडेन, हे मला जागच्या जागी कळलं.

थापी हातातून पडली. बेंड कसाबसा परत बसवला एवढं आठवतं. सिमेंट घमेल्यातच राहिलं.

घरी आले तर सुलू टेबलाशी बसली होती. समोर जीन्सचा गठ्ठा तसाच, न कापलेला. तिने माझ्या हातांवरचं पांढरं बघितलं.

"ऐकलंत?"

मी मान हलवली.

"परवापासून येतेय," ती म्हणाली. "मी ओ दिली नाहीये, वहिनी. तोंड दाबून बसते. पण ती तुमच्या आवाजात येते. तुमच्या आवाजाला ओ न देणं मला..." तिने वाक्य सोडून दिलं.

मग आम्ही दोघी बसून सगळं नीट बोललो, जसं आम्ही नेहमी घरची कामं वाटून घेतो. वही तिच्यासमोर ठेवली. तिने सगळे रकाने बोट ठेवून वाचले. मला वाटलं होतं ती नाकारेल. अकरा माणसं वाचवलेल्या बाईला कोण सांगणार, की तू तिथे नसतीस तर त्यांना वाचवावंच लागलं नसतं? तिने वही मिटली आणि म्हणाली, मला वाटलं होतं, या वयात का होईना, माझा कोणाला उपयोग होतोय.

मी तिच्या पुढचा गठ्ठा ओढून घेतला आणि धागे कापायला लागले.

ती म्हणाली, तन्वी जिथे आहे तिथे मी नको. तापात गेले नाही म्हणून तिघं राहिले. पण तेव्हा पाय चालत नव्हते. एकाच घरात राहून मी न जाण्याचं ठरवणार कसं? मी म्हटलं, कुळगावला जा, माझ्या भावाकडे. ती म्हणाली, नाही, तुम्हाला ठावठिकाणा माहीत असला तर तुम्ही बोलवाल. ते बरोबर होतं.

दुसऱ्या दिवशी, सोमवारी, सकाळी साडेनऊला ती निघाली. तन्वी ऑफिसला गेली होती, ह्यांना आम्ही सुलू मावशीकडे चालली आहे एवढंच सांगितलं होतं. एक बॅग. धागा कापायची कात्री तिने टेबलावर ठेवली. मी डबा भरून दिला : चार भाकऱ्या, सुकट, लोणचं. तिने उंबऱ्याबाहेर पाय टाकला, चप्पल घातली आणि माझ्याकडे बघून म्हणाली,

"जाते, वहिनी."

आमच्या घरात हा शब्द कोणी वापरत नाही. लहान मुलाच्या तोंडून निघाला तरी कोणीतरी लगेच टोकतं, 'जाते नाही, येते म्हण.' मीच टोकायचे. तन्वीला मीच शिकवलं. सुलू थांबली. तिने माझी वाट बघितली. किती वेळ, ते मी मोजलं नाही, वहीतही लिहिलेलं नाही.

मी काही म्हटलं नाही.

ती जिना उतरून गेली.

यावर काय काय म्हणता येईल, तेही लिहिते, म्हणजे कॉमेंटमध्ये लिहायची तुमची मेहनत वाचेल. संकटात माणसाला अचानक ताकद येते. अकरा आणि तीन हा योगायोग असू शकतो. घाबरलेल्या माणसांचा आवाज बसतो. रिकाम्या पाईपमध्ये वारा घुमतो. हे सगळं मी मानायला तयार आहे. फक्त जी हाक मी अजून मारलेलीच नाही, ती त्या पाईपमध्ये कशी पोचली, याचं उत्तर माझ्याकडे नाही. कोणाकडे असेल तर सांगा, पण कृपया वेळ आणि साक्षीदार यांसकट सांगा.

सुलू कुठे आहे माहीत नाही. दर सोमवारी सकाळी फोनवर तिचा एक अंगठा येतो. मी एक अंगठा पाठवते. तिथे ती कोणाला वाचवते का, म्हणजे तिच्यामुळे कोणाला काही होतं का, हे मी विचारत नाही. हे स्वार्थीपणाचं आहे. तन्वी मला रोज विचारते, आत्या कधी येणार. तिला अर्धंच सांगितलं आहे. रस्ता ओलांडताना ती कानात इअरफोन घालते, त्यावरून आमची भांडणं होतात. मी तिला मागून हाक मारून थांबवत नाही. धावत जाऊन दंड धरते. घरात मी कोणालाच हाक मारत नाही. टेबलावर घंटी आणून ठेवली आहे, सावंत बाईंसारखी. माझी हाक अजून माझ्याकडे आहे, ती मला जपायची आहे.

वहीत बाराव्या घटनेची ओळ आहे. हाक कधी आली, भरलं आहे. कोणाची, भरलं आहे. पुढचे दोन रकाने कोरे.

फ्रिजवर माझी कामांची यादी असते. झालेल्या कामावर रेघ मारते. सध्या त्यावर दोनच जुनी कामं आहेत. पहिलं, पाईप. सिमेंटचं नवीन पाकीट स्कूटरच्या डिकीत आहे, पण बेंड काढला की ती हाक सुलूपर्यंत जास्त जोरात जाईल की काय, या भीतीने तीनदा गेटवरून परत आले. पुढच्या दिवाळीच्या आत पार्किंगला टाइल बसतील म्हणतात, त्याच्या आधी करायचं आहे. दुसऱ्या कामापुढे मी नुसतं 'सुलू' लिहिलं आहे. तिला 'येते म्हण' सांगायचं आहे. रोज सकाळी दूध आत ठेवताना ते वाचते, आणि फ्रिज बंद करते.